नोटिशीचा महिना

आपल्या मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते आणि गुढीपाडव्यालाच संपते. पाडवा जवळ आला की धनी गड्याला विचारतो, 'यंदा राहणार का?' राहायचे असेल तर नवे साल ठरते. नसेल तर गडी हिशेब करून मोकळा होतो. भर पेरणीत गड्याने उठून जाऊ नये आणि ऐन पावसाळ्यात धन्याने गड्याला घराबाहेर काढू नये, हे दोघांनाही सांगावे लागत नाही. या जुन्या चालीत अन्याय पुष्कळ होते, तरी एक शहाणपण होते. संबंध तुटणारच असेल तर तो केव्हा तुटणार हे दोन्ही पक्षांना आधी कळले पाहिजे, इतके तिने मान्य केले होते. आज नोकरीच्या जगात ज्याला नोटीस म्हणतात, तिचे मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

२०२३ साली आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंतरवाली सराटीचे नाव देशभर पोहोचले. नोकरी कशी मिळावी, कोणाला मिळावी, याविषयी त्यानंतर या परिसरात जितके बोलले गेले तितके क्वचितच कोठे बोलले गेले असेल. परंतु हाती आलेली नोकरी सुटते तेव्हा काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत, बियाण्यांच्या कंपन्यांत, वाळूजच्या किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या घरांतील मुले कामाला आहेत. त्यांपैकी एखाद्याला शनिवारी संध्याकाळी 'सोमवारपासून येऊ नका' असे सांगितले जाते. तो मान खाली घालून गावी परततो. आपले काही चालत नाही, अशी त्याची समजूत असते. ती समजूत बऱ्याच वेळा खोटी असते, म्हणून हा विषय.

प्रथम नोटीस म्हणजे काय ते पाहू. नोकरी अमुक तारखेपासून संपेल असे एका पक्षाने दुसऱ्याला आगाऊ कळवणे म्हणजे नोटीस. कळवल्यापासून नोकरी संपेपर्यंतचा काळ ही तिची मुदत. या मुदतीत नोकरी चालूच असते. काम करावे लागते, पगार मिळतो, रजा व भविष्य निर्वाह निधीचे हक्क अबाधित असतात. मालकाला मुदत द्यायची नसेल तर तेवढ्या दिवसांचा पगार देऊन तो माणसाला त्याच दिवशी मोकळे करू शकतो. नोकराच्या बाजूनेही करारात तशी तरतूद असेल तर मुदतीऐवजी पैसे भरून जाता येते.

आता कोणी विचारील, एक महिन्याने असे काय होते? ज्याच्या घरी शेती आहे, दुकान आहे, त्याला कदाचित काही होत नाही. परंतु जो पगारावर जगतो त्याचे घरभाडे, किराणा, मुलांची फी, कर्जाचा हप्ता हे सारे महिन्याच्या हिशेबाने चालते. पुढची नोकरी शोधायला, निदान उसनवारीची सोय करायला, त्याला तेवढा अवकाश लागतो. मालकाचे नुकसान होते ते एका माणसाचे. माणसाचे नुकसान होते ते सगळ्या चुलीचे. नोकर व मालक यांनी एकमेकांना नोटीस द्यावी असे जरी करारात दोघांना सारखेच लिहिलेले असले, तरी कायदा या दोन नोटिशींना एका तराजूत तोलत नाही. त्याचे कारण हेच आहे.

हा फरक आपल्या देशात कसा पक्का झाला, याची हकीकत मुंबईची आहे. १९५३ साली कापड गिरण्यांत माल साचला आणि कामगारांना बसवून ठेवण्याची पाळी आली. तेव्हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नवी कलमे घालण्यात आली. त्यांतील २५-फ या कलमाने सांगितले की, एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार दिला पाहिजे, आणि शिवाय दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई दिली पाहिजे.

पुढे जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डात काम करणाऱ्या दोघा कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून मोकळे झालेले दोघे सरकारी नोकर घेतले गेले. नोटीस दिली होती, परंतु भरपाई दिली नव्हती. त्यांची संघटना, हॉस्पिटल मजदूर सभा, न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिला. मुंबई राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. रुग्णालय हा उद्योगच नव्हे, आणि भरपाई द्यायची राहिली तरी तेवढ्याने कमी करणे रद्द होत नाही, अशी सरकारची बाजू होती. २९ जानेवारी १९६० रोजी न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. ते मूळचे सातारचे आणि पुढे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते.

त्या निकालाचे मर्म असे. कायद्याने 'अमुक दिल्याशिवाय कमी करू नये' असे म्हटले असेल, तर ते देणे ही कमी करण्याच्या आधीची अट आहे. कमी करताना ती पाळली नाही तर कमी करणेच बेकायदा ठरते. 'भरपाई नंतर देऊ, तक्रार असेल तर वसूल करा' असे म्हणता येत नाही. मालकाने नोटिशीत किंवा भरपाईत कसूर केली तर केवळ काही रुपयांचे देणे उरते असे नव्हे. तो माणूस नोकरीवरून गेलाच नाही असे न्यायालय म्हणू शकते. दोघा साध्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यातून निघालेले हे तत्त्व साठ वर्षांहून अधिक काळ देशभरच्या कामगार न्यायालयांत वापरले गेले आहे.

आता आजचा कायदा पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, परंतु वर सांगितलेली अट शिल्लक राहिली. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना सकारण लेखी नोटीस एक महिन्याची, किंवा महिन्याचा पगार. आणि पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून अधिक असेल तर तेही पूर्ण धरतात. जेथे ३०० वा अधिक कामगार आहेत अशा कारखान्यात, खाणीत किंवा मळ्यात नोटीस तीन महिन्यांची असते आणि सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० कामगारांची होती, म्हणजे मधल्या आकाराच्या पुष्कळ कारखान्यांना परवानगीच्या अटीतून सूट मिळाली आहे. ५० वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा तर ६० दिवस आधी सरकारला कळवावे लागते.

'एक वर्ष सलग' या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. त्याचा अर्थ ३६५ दिवस हजेरी असा नव्हे. मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की वर्ष भरले असे कायदा मानतो. त्यात पगारी रविवार व पगारी सुट्ट्याही मोजायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात सांगितले आहे. तेव्हा ज्याचे काम आठ-साडेआठ महिने भरले आहे, त्याने आपल्या हजेरीचे दिवस नीट मोजावेत.

एक उदाहरण घेऊ. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये मिळवणारा कामगार सहा वर्षे सात महिने नोकरी करून कमी केला गेला. सहा वर्षांवर सात महिने असल्यामुळे त्याची वर्षे सात धरायची. नोटीस न दिल्यास तिच्या बदली १५,००० रुपये. भरपाई अर्ध्या महिन्याची, म्हणजे ७,५०० गुणिले ७, एकूण ५२,५०० रुपये. पाच वर्षांहून अधिक नोकरी असल्यामुळे ग्रॅच्युइटीही मिळते. तिचा हिशेब निराळा आहे. तेथे महिन्याचे दिवस २६ धरतात. १५,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७, म्हणजे सुमारे ६०,५७७ रुपये. तिन्ही मिळून १,२८,०७७ रुपये झाले. याखेरीज राहिलेला पगार, शिल्लक रजेचा पैसा आणि भविष्य निर्वाह निधी आहेच. नव्या संहितेने कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांच्या पगाराची तरतूदही केली आहे. वेतन संहितेप्रमाणे माणूस काढला, कमी केला किंवा त्याने राजीनामा दिला, तरी त्याचे राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते केले पाहिजे. 'सोमवारपासून येऊ नका' या तीन शब्दांमागे किती पैसा बुडू शकतो, हे यावरून दिसेल.

परंतु हे संरक्षण सर्वांना नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याचे काम मुख्यतः व्यवस्थापनाचे आहे, किंवा जो देखरेखीच्या कामावर असून महिना १८,००० रुपयांहून अधिक मिळवतो, तो संहितेच्या अर्थाने कामगार नव्हे. त्याची नोटीस नेमणूकपत्रात जी लिहिली असेल ती. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपली तर तीही कपात ठरत नाही. अशा माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मात्र मिळते. गैरवर्तणुकीसाठी काढलेल्या माणसाचा मार्गही निराळा आहे. तेथे महिन्याच्या नोटिशीचा प्रश्न नाही, परंतु आरोपपत्र आणि रीतसर चौकशी हवी.

हंगामी कामाचेही तसेच. आपल्या तालुक्यात अंकुशनगरचा सहकारी साखर कारखाना आहे. गळीत संपले की हंगामी कामगार घरी जातात. हंगाम संपला म्हणून काम थांबणे याला सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मोरिंडा साखर कारखान्याच्या खटल्यात कपात मानले नाही. पण त्याच वेळी न्यायालयाने हंगामी कामगारांची नोंदवही ठेवून पुढील हंगामात त्यांना पुन्हा बोलवावे असेही सांगितले. म्हणून हंगामी कामगाराने आपले नाव नोंदवहीत आहे की नाही, ते दरवर्षी पाहिले पाहिजे.

आता दुसरी बाजू. नोकर स्वतः नोकरी सोडतो तेव्हा काय? येथे पहिली गोष्ट ही की, कोणाकडून जबरदस्तीने नोकरी करून घेता येत नाही. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे, व्यक्तिगत सेवेचा करार प्रत्यक्ष पाळायला लावणारा हुकूम न्यायालय देत नाही. नोटिशीची मुदत न पाळता गेलेल्या माणसाकडून मालक पैसे मागू शकतो. त्याला धरून आणू शकत नाही. आणि पैसेही वाटेल तेवढे नव्हेत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

म्हणून करार निरर्थक आहे असे मात्र कोणी समजू नये. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायरच्या दोऱ्यांचे तंत्र परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. तेथील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला आणि मध्येच सोडून तो राजस्थानातील कोट्याच्या तशाच कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, करारातील उरलेल्या मुदतीत तशाच धंद्यात दुसरीकडे काम न करण्याची अट त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याला कल्याणला परत जाण्याचा हुकूम झाला नाही. प्रतिस्पर्ध्याकडे तेच काम करण्यास मनाई झाली. २०२५ साली विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरावेत, ही अट न्यायालयाने वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीची लांबलचक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे त्यातले एक कारण होते. तेव्हा बॉण्डवर सही करताना 'हे कोर्टात टिकत नाही' या ऐकीव बोलण्यावर विसंबू नये. नोकरी संपल्यानंतर मात्र पोटापाण्याचा धंदाच करू नये अशी अट करार कायदा मानीत नाही.

येथे आपल्या भागातील एका गोष्टीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, आणि उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. तेथे नोटीस नाही, मुदत नाही. वेठबिगारीवर १९७६ साली कायद्याने बंदी आली, राज्यघटनेच्या २३ व्या कलमात ती आधीच होती, तरीही कर्जाने बांधलेला माणूस सोडून जाण्याचे स्वातंत्र्य कागदावरच भोगतो. ही गोष्ट समोर ठेवली म्हणजे 'मी एक महिन्याने जाणार' असे लिहून देता येणे हा केवढा अधिकार आहे, ते कळते. नोकराची नोटीस ही मालकाशी केलेली बेइमानी नव्हे. स्वतंत्र माणूस अशाच रीतीने निरोप घेतो.

राजीनाम्याबाबत दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. एक, राजीनामा पुढील तारखेपासून अमलात यायचा असेल तर त्या तारखेपूर्वी तो मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या प्रकरणात मान्य केले, आणि पुढे ते नोकरदारांनाही लागू केले गेले. रागाच्या भरात दिलेल्या राजीनाम्याला नोटिशीचा महिना असाही उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेण्याचे प्रकार घडतात. असे झाले म्हणजे काढलेला माणूस कागदोपत्री स्वतः गेलेला दिसतो, आणि नोटीस व भरपाई दोन्ही बुडतात. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी १९७७ साली जो कायदा झाला, त्यात यावर इलाज केलेला आहे. राजीनामा दोन प्रतींत करावा, दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. ही रीत इतर नोकरदारांनीही उचलण्यासारखी आहे.

शेवटी, व्यवहारात काय करावे? नोकरी धरताना नेमणूकपत्र मागावे. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ते देणे आता कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. त्यात नोटिशीची मुदत किती, ती दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही, मुदतीऐवजी पैसे भरता येतात की नाही, एवढे वाचल्याशिवाय सही करू नये. ठेकेदारामार्फत काम असेल तर मालक म्हणून कोणाचे नाव कागदावर आहे ते पाहावे. पगाराच्या पावत्या, हजेरीच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक घरी जपून ठेवावा. कारण २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याची वेळ आली, की फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तेवढाच पुरावा असतो. तोंडी 'येऊ नका' म्हटले गेले तर दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावे, आणि आत घेतले नाही तर तसे लेखी कळवून पोच घ्यावी. नाहीतर 'तो स्वतःच यायचा थांबला' असे पुढे सांगितले जाते. 'पूर्ण हिशेब मिळाला' या कागदावर पैसे हाती पडण्यापूर्वी सही करू नये. आणि तक्रार करायची तर जालन्याच्या कामगार कार्यालयाची पायरी लवकर चढावी. समेट अधिकाऱ्यापुढे वाद नेण्याला नव्या संहितेने दोन वर्षांची मर्यादा घातली आहे. समेट झाला नाही तर अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी काढलेल्या कामगाराला स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्यासाठी संघटना पाठीशी असलीच पाहिजे असे नाही.

जे. जे. रुग्णालयातील ते दोघे कर्मचारी कोणी मोठे पुढारी नव्हते. आपल्याला नोटीस मिळाली, भरपाई मिळाली नाही, एवढीच गोष्ट त्यांनी नीट ओळखली आणि ती संघटनेला सांगितली. पुढचे काम वकिलांनी व न्यायाधीशांनी केले. परंतु पहिले काम, म्हणजे आपल्याला काय मिळायला हवे होते आणि काय मिळाले याचा हिशेब करण्याचे, ज्याचे त्यालाच करावे लागते. ते आपल्या मुलांना घराबाहेर पडण्यापूर्वी शिकवता आले, तर सुटलेल्या नोकरीबरोबर त्यांचा हक्कही सुटणार नाही.